जकात अदा झाली, गरज तशीच राहिली

मराठी माणसाला 'जकात' म्हटले की नाका आठवतो. ट्रकांची रांग, आडवा बांबू, खिडकीतला कारकून आणि हातात पडणारी पावती. जीएसटी आल्यावर १ जुलै २०१७ पासून मुंबईचे जकात नाके बंद झाले, पण शब्द टिकून आहे. तो मूळचा आपल्याच घरातला. अरबीतून फारसीत आणि तिथून मराठी कारभारात शिरला, आणि शिरताना अर्थ बदलून बसला. नाक्यावरचा ड्रायव्हर भरलेल्या पैशांचे पुढे काय झाले हे विचारत नाही. त्याला पावती हवी असते, म्हणजे गाडी पुढे जाईल.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: आपण मुसलमानांनी आपली जकातही नाक्यासारखी करून टाकली आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत अडीच टक्के मोजायचे, समोर येईल त्याच्या हातावर ठेवायचे, 'अल्हमदुलिल्लाह, फर्ज अदा झाला' म्हणायचे आणि पुढच्या वर्षापर्यंत विषय बंद. देणारा मोकळा झाला की काम झाले, असे आपण धरून चालतो. घेणाऱ्याच्या आयुष्यात काय फरक पडला, हा प्रश्न आपल्या हिशेबात येतच नाही. इबादत म्हणून माझी जकात कबूल झाली की नाही, हे अल्लाह जाणे. पण ज्या गरिबासाठी ती ठरवली गेली त्याचे काम झाले की नाही, हे तपासणे आपल्या हातात आहे. ते आपण करत नाही, आणि न करण्याला भक्तीचे नाव देतो.

एका मोहल्ल्याचा हिशेब

देशातले मुसलमान दर वर्षी किती हजार कोटींची जकात काढतात, याचे मोठमोठे आकडे रमजानच्या भाषणांतून ऐकू येतात. त्यांच्यामागे मोजणी नसते, अंदाज असतो. म्हणून मी ते बाजूला ठेवते आणि एक लहान हिशेब मांडते, जो कुणालाही घरी करता येईल.

समजा, एका मोहल्ल्यात शंभर घरे अशी आहेत की ज्यांच्यावर जकात फर्ज आहे, आणि प्रत्येक घराची जकात सरासरी दहा हजार रुपये निघते. म्हणजे चार लाखांची बचत, सोने किंवा दुकानातला माल. मालेगाव, भिवंडी, मिरज, कौसा, कोंढवा, कुठलाही मोहल्ला घ्या, हे अशक्य नाही. एकूण रक्कम झाली १० लाख रुपये.

आज या १० लाखांचे काय होते? समजा, हजार रुपयांचे एक याप्रमाणे हजार रमजान किट वाटली जातात. तेल, साखर, डाळ, पीठ, खजूर, शेवया आणि लाल सरबताची बाटली. पाच माणसांच्या घरात ते किट दहा-बारा दिवस पुरते. ईद होते, शेवया संपतात, आणि शव्वालच्या दुसऱ्या आठवड्यात ते घर जिथे होते तिथेच असते. पुढच्या रमजानला तीच हजार माणसे, त्याच रांगेत. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण आपल्याला माहीत आहे. फक्त दानाच्या बाबतीत ती आपण विसरतो.

आता तेच १० लाख वेगळे वापरून पाहू. बारावीनंतर शिक्षण सुटण्याच्या बेतात असलेल्या ३० मुलामुलींना प्रत्येकी १२ हजार: ३ लाख ६० हजार. दहा जणांना हातगाडी, शिलाई मशीन, वेल्डिंगचा किंवा एसी दुरुस्तीचा संच, प्रत्येकी २० हजार: २ लाख. काम करणे शक्य नसलेल्या १४ घरांना, म्हणजे म्हाताऱ्या, आजारी, एकट्या बायकांना, वर्षभराच्या रेशनसाठी प्रत्येकी १६ हजार: २ लाख २४ हजार. आणि हे सगळे शोधणारा, तपासणारा, पाठपुरावा करणारा एक पूर्णवेळ कार्यकर्ता, महिना १८ हजारांवर: २ लाख १६ हजार. बेरीज बरोबर १० लाख.

हे आकडे माझे आहेत. तुमच्या मोहल्ल्यात ते बदलतील. पण दुसऱ्या वर्षी दहा घरे रांगेतून बाहेर पडतील, तिसऱ्या वर्षी कदाचित त्यांतली दोन जकात देणाऱ्यांच्या बाजूला येतील, ही शक्यता पहिल्या पद्धतीत शून्य आहे आणि दुसऱ्या पद्धतीत खरी आहे.

आठ हक्कदार आणि एक कुऱ्हाड

'कार्यकर्त्याला पगार? गरिबाच्या पैशातून?' हा प्रश्न लगेच येईल. तो मी अनेकदा ऐकला आहे, आणि विचारणारे बहुधा दीनदार लोकच असतात. त्यांनी कुरआनातल्या सूरह तौबाची ६०वी आयत पुन्हा उघडून पाहावी. जकातीचे आठ हक्कदार तिथे सांगितले आहेत: फकीर, मिस्कीन, जकातीचे काम करणारे, ज्यांची मने जोडायची आहेत ते, गुलामीतून सोडवायचे आहेत ते, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गातले आणि वाटसरू. तिसरे नाव पाहा. जे जकात गोळा करतात, हक्कदार शोधतात, वाटप करतात, त्यांचा हिस्सा त्याच यादीत आहे. चांगले काम फुकटात होत नाही, ही व्यवहाराची गोष्ट तिथे आधीच गृहीत धरली आहे. काही मुफ्ती म्हणतात की 'आमिलीन' म्हणजे इस्लामी हुकूमतीने नेमलेले कर्मचारीच, खासगी संस्थेचे नाहीत. ठीक आहे, मतभेद मान्य. मग तो पगार लिल्लाहच्या पैशातून द्या. पण द्या. वर्षातून एकदा चार स्वयंसेवक पिशव्या भरतात, त्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

सहावे नावही पाहा: कर्जात बुडालेले. आज आपल्या वस्त्यांमध्ये बचतगटाच्या नावाखाली मायक्रोफायनान्सचे तीन-तीन, चार-चार हप्ते भरणाऱ्या बायका आहेत. एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या तिच्या दारात उभ्या राहतात. नवे कर्ज काढून जुने फेडले जाते. आपण सावकारी व्याजाविरुद्ध जुम्याला बयान ऐकतो, आणि घरी येऊन त्याच बाईला तेलाची पिशवी देतो. तिचे एक कर्ज मुळासकट संपवणे ही कुरआनाने नाव घेऊन सांगितलेली जकात आहे. ती किती जणांनी दिली?

आणि पाचवे: गुलामीतून सोडवणे. गुलामीची प्रथा आता नाही, म्हणून हा हिस्सा बंद, असे आपण समजतो. काही आधुनिक आलिमांनी कैद्यांच्या सुटकेलाही तो लावला आहे. भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांच्यावरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. त्यांतल्या काहींना जामीन मंजूर झालेला असतो, पण दहा-पंधरा हजारांची रक्कम किंवा जामीनदार नसतो, म्हणून ते आतच राहतात. अशा गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये योजना आणली, जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत. पण योजना तुरुंगाच्या फाटकाशी आपण होऊन चालत येत नाही. कुणीतरी वकील, कुणीतरी कार्यकर्ता लागतो. त्याचा खर्च कोण करणार?

हदीसच्या अबू दाऊदच्या संग्रहात एक प्रसंग येतो. मदिनेतला एक माणूस पैगंबरांकडे मागायला आला. त्यांनी विचारले, घरात काय आहे? एक जाडे पांघरूण आणि पाणी प्यायचे भांडे. ते आणायला लावले, तिथेच लिलाव केला, दोन दिरहम आले. एकाचे घरी अन्न न्यायला सांगितले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणायला. कुऱ्हाडीला स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिला आणि सांगितले, लाकडे तोड, विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

हा प्रसंग आपल्याकडे मेहनतीचे महत्त्व सांगायला वापरतात, म्हणजे गरिबाला उपदेश करायला. मला त्यात देणाऱ्यासाठी धडा दिसतो. आधी चौकशी केली. आजची भूक वेगळी आणि उद्याची कमाई वेगळी धरली, आणि दोन्हींची सोय केली. नुसता सल्ला न देता हत्यार हातात दिले. मुदत ठरवली आणि परत येऊन सांगायला लावले. आज एखादी संस्था हेच करू लागली तर आपण म्हणतो, 'हे काय नवीन कॉर्पोरेट खूळ?'

इस्पितळाचे बिल

दर शनिवारी मी पुण्यातल्या एका वस्तीत कागदपत्रांचे काम करणाऱ्या मुलांबरोबर बसते. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचे अर्ज. तिथे सगळ्यात जास्त पाहिलेली गोष्ट म्हणजे इस्पितळाच्या बिलासाठी फिरणारा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज. 'भाईंचे बायपास आहे, इतके लाख हवेत, जकात चालेल, क्यूआर कोड खाली.' दोन-तीन दिवसांत पैसे जमतात. आपला समाज यात कमी पडत नाही, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते.

पण एका रिक्षाचालकाच्या वेळी आम्ही नीट चौकशी केली. इस्पितळ धर्मादाय ट्रस्टचे होते. नातेवाइकांना प्रवेशाच्या वेळी कुणीही काही सांगितले नव्हते, आणि त्यांनीही विचारले नव्हते. मोहल्ल्याने पावणेतीन लाख भरून झाल्यावर आम्हाला कळले.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ एए खाली धर्मादाय इस्पितळांवर बंधन आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. बाकीच्या रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये यासाठीची योजना मंजूर केली. याशिवाय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, जिच्यात यादीतल्या आजारांवर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात, आणि योजनेतल्या इस्पितळात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. हे सगळे धर्म न विचारता मिळते.

म्हणजे त्या वेळी काय झाले? कायद्याने जो खर्च इस्पितळाने किंवा सरकारने उचलायला हवा होता, तो शंभर मुसलमान घरांच्या जकातीतून भरला गेला. जकात गरिबाकडे गेलीच नाही. गरिबाच्या नावावर ती इस्पितळाच्या गल्ल्यात गेली. एक कार्यकर्ता, ज्याला उत्पन्नाचा दाखला कुठून काढायचा, कुठल्या खिडकीवर जायचे, वैद्यकीय समाजसेवकाला काय विचारायचे, धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार कशी करायची हे माहीत आहे, तो वर्षभरात अशी किती बिले वाचवील? त्याचा पगार मी वर मांडलाच आहे. पावणेतीन लाखांत तो वर्षभर काम करून वर पैसे उरतात.

म्हणून 'हे सरकारचे काम आहे, जकातीचा इथे काय संबंध' असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर आहे: बरोबर, सरकारचे काम आहे. ते सरकारकडून करून घ्यायलाही माणूस आणि पैसा लागतो. हक्क मिळवून देणे हीसुद्धा मदतच आहे, आणि बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त मदत.

रांग आणि फोटो

आता एका कटू विषयाकडे येते. २००८ च्या रमजानमध्ये इंडोनेशियातल्या पासुरुआन गावी एका श्रीमंत घराच्या दारात जकात घ्यायला झालेल्या गर्दीत २१ बायका चेंगरून मेल्या. २०२३ च्या रमजानमध्ये कराचीत एका कारखान्यात तसेच घडले. त्याच रमजानच्या शेवटी येमेनची राजधानी सना इथे वाटपाच्या गर्दीत ७५ हून अधिक माणसे गेली. तिन्ही ठिकाणी देणाऱ्यांची नियत वाईट असेल असे मी म्हणत नाही. पण गरिबांना एका दारात, एका वेळी, रांगेत उभे करायचेच कशाला? कारण रांग देणाऱ्याला सोयीची असते. आणि रांग दिसते.

आपल्याकडे एवढी मोठी दुर्घटना झाली नसेल, पण दृश्य ओळखीचे आहे. मंडप, बॅनरवर ट्रस्टींचे आणि नगरसेवकाचे फोटो, बुरख्यातल्या बायकांची रांग, आणि एक किट पाच पुरुष मिळून एका बाईला देताना काढलेला फोटो. संध्याकाळी तो स्टेटसवर. उपकार बोलून दाखवू नका, मन दुखावून आपले दान वाया घालवू नका, ही सूचना सूरह बकरामध्ये इतकी स्पष्ट आहे की ती समजायला तफसीरची गरज नाही. त्या बाईच्या मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणींनी तो फोटो पाहिला तर तिला काय वाटेल, एवढा विचार पुरेसा आहे.

'पारदर्शकता हवी म्हणता, मग फोटो का नको?' असे एकाने मला विचारले. पारदर्शकता पैशांची हवी. गरिबाच्या चेहऱ्याची नको. ऑडिट झालेला हिशेब मशिदीच्या फलकावर लावा, आणि चेहरा झाका. आपण नेमके उलटे करतो. चेहरा जगाला दाखवतो आणि हिशेब झाकून ठेवतो.

मदरशाची पावती

रमजानमध्ये दूरदूरचे सफीर पावतीपुस्तके घेऊन येतात. त्यांतले अनेक प्रामाणिक आहेत, उन्हातान्हात रोजा ठेवून फिरतात. मला मदरशांशी भांडायचे नाही. तिथे गरिबांची मुले जेवतात, राहतात, शिकतात. पण दोन गोष्टी बोलल्या पाहिजेत.

एक, हिशेब. नोंदणीकृत ट्रस्टला ऑडिट करून घ्यावेच लागते, त्यामुळे मागच्या वर्षीचा ताळेबंद मागणे हा अपमान नाही. ज्या संस्थेची मुले, इमारत आणि ताळेबंद कुणी पाहिलेला नाही, तिला केवळ दाढी आणि रबरी शिक्का पाहून पैसे देणे म्हणजे आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. गोळा केलेल्या रकमेवर कमिशन घेण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, तिच्यावर उलेमांनीही टीका केली आहे. सफीरला ठरलेला पगार द्या, टक्केवारी नको, असे संस्थेला सांगण्याचा अधिकार देणाऱ्याला आहे.

दोन, प्रमाण. नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवून दिले की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी फक्त ३ ते ४ टक्के आहेत. बाकीची जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, उर्दू-मराठी अनुदानित शाळांत जातात किंवा कुठेच जात नाहीत. त्यांच्यासाठी आपल्या दानातला वाटा किती? २०२२ च्या अखेरीस केंद्र सरकारने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती थांबवली आणि पीएच.डी. करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिपही बंद केली. या निर्णयांविरुद्ध आवाज उठवत राहिले पाहिजे. पण आवाज उठवतानाच ज्या मुलीचे संशोधन अर्ध्यावर आहे, तिला तिची फी कोण भरणार हे सांगणेही आले.

हे आपल्याला जमत नाही असे नाही. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम उभी राहिली ती बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांच्या दूरदृष्टीवर आणि समाजाच्या पैशावर. दीडशे वर्षे झाली, तिथे शिकलेल्यांच्या किती पिढ्या उभ्या राहिल्या! त्या काळात देणाऱ्यांनी केवळ किटे वाटली असती तर त्यांचे नावही उरले नसते.

कुणाला मिळते, कुणाला नाही

गरजू नातेवाइकाला आधी द्या, ही शिकवण सुंदर आहे. पण तिचा एक परिणाम आपण पाहत नाही. ज्याचे नातेवाईक श्रीमंत, त्याला मिळते. ज्याचे सगळे गणगोत गरीब, त्याला कोण देणार? मेमन, खोजा, बोहरा, कोकणी जमातींच्या ट्रस्ट आहेत, कित्येक उत्तम चालतात, आणि त्या मुख्यतः आपल्या माणसांसाठी आहेत. छप्परबंद, मदारी, दरवेशी, गारुडी, फकीर यांच्या जमातीला कुठली ट्रस्ट? महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्त मुसलमानांचे पाल गावाच्या कडेला असते, कुठल्याच मोहल्ल्याच्या यादीत नसते. 'आपल्यात जातपात नाही' हे जुम्याला ऐकायला बरे वाटते. जकातीचा नकाशा काढला तर ती कुठे आहे ते दिसेल.

बायकांचेही तसेच. घरातले सोने बहुतेक वेळा बाईचे. हनफी मतानुसार दागिन्यांवर जकात आहे. शाफई मतानुसार नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर नाही, हे कोकणातल्या वाचकांना माहीत आहे. जिथे जकात द्यायची आहे तिथे ती तिच्या मालमत्तेची. पण ती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत बाई किती ठिकाणी आहे? विधवा, टाकलेली, पोटगीसाठी कोर्टात खेटे घालणारी बाई आपली अडचण पाच अनोळखी पुरुषांसमोर कशी मांडणार? समितीत दोन-तीन बायका आल्या तर यादीच बदलेल, हे मी खात्रीने सांगते.

आणि शेजारचा हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती गरीब? जमहूर फकीहांचे मत असे की जकात मुसलमानांनाच, पण सदका आणि इमदाद कुणालाही. तेही मत धरले तरी आपल्याला भरपूर मोकळीक आहे. शिवाय खलिफा उमर यांनी भीक मागणाऱ्या एका वृद्ध ज्यू माणसाला बैतुलमालमधून मदत सुरू केली, ही कथा इमाम अबू यूसुफ यांच्या 'किताब अल-खराज'मध्ये नोंदलेली आहे. २०२० च्या लॉकडाउनमधल्या रमजानात इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये जमवून तिथल्या आयजीएम या सरकारी इस्पितळात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. तिथे खाटेवर कोण झोपणार हे कुणी विचारले नाही. ईदच्या कपड्यांवर, खरेदीवर जाणारा पैसा एका शहराने एकत्र केला की काय होते, हे त्याचे उदाहरण. भाषणे करून जी मने जुळत नाहीत ती अशाने जुळतात.

दोन आक्षेप

पहिला: 'संस्थांवर विश्वास नाही, म्हणून आम्ही हातानेच देतो.' हा अविश्वास पोकळ नाही. पाकिस्तानात १९८० मध्ये जनरल झिया यांच्या सरकारने बँक खात्यांतून जकात परस्पर कापायला सुरुवात केली. शियांनी इस्लामाबादेत मोठे आंदोलन करून सूट मिळवली, आणि अनेक खातेदार रमजानच्या आदल्या दिवसांत पैसे काढून घेऊ लागले. सक्तीची, वरून लादलेली व्यवस्था मला नको आहे. मोहल्ल्याएवढी लहान, माहितीतल्या माणसांची, दर सहा महिन्यांनी हिशेब मांडणारी बैतुलमाल हवी. दक्षिण आफ्रिकेतले मुसलमान आपल्यासारखेच अल्पसंख्य आहेत, त्यांच्यामागे कुठली हुकूमत नाही, आणि त्यांची राष्ट्रीय जकात निधी संस्था १९७५ च्या आधीपासून चालते आहे. विश्वास नसेल तर तो तयार करावा लागतो.

दुसरा: 'प्रत्येक रुपयाचा परिणाम मोजायला लागलो तर माणुसकी कुठे राहिली?' या आक्षेपात तथ्य आहे. ऐंशी वर्षांच्या खालाला दिलेल्या औषधांतून कुठलाही 'निकाल' निघणार नाही. ती कधीच जकात देणारी होणार नाही. तरी तिचा हक्क पहिला आहे. म्हणूनच माझ्या हिशेबात त्या १४ घरांचे रेशन आहे. पण तिला वर्षातून एक किट देऊन अकरा महिने विसरणे, यात तरी कुठली माणुसकी आहे? विचार करून देणे म्हणजे कोरडेपणाने देणे नव्हे. आईही मुलाला काय पचेल याचा विचार करूनच भरवते.

काय करता येईल

तुमच्यापैकी अनेकांवर अजून जकात फर्जही नसेल. पण घरातला हिशेब, क्यूआर कोड, एक्सेल शीट तुमच्याच हातात असते. तेव्हा ही कामे तुमची:

१. घरातली जकात एकदा लिहून काढा. साडेसात तोळे सोने म्हणजे ८७.४८ ग्रॅम, साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, हा निसाब. अंदाजे देण्याऐवजी मोजून द्या. मागच्या वर्षी कुणाला किती दिले तेही लिहा. यादी पाहूनच बरेच काही कळेल.

२. सगळे रमजानमध्येच उरकू नका. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, शाळा मात्र जूनमध्येच उघडते. बहुतेक फकीहांच्या मते जकात आगाऊ देता येते. म्हणून वर्षभर दर महिन्याला थोडी थोडी आधी देत जा आणि रमजानमध्ये हिशेब पुरा करा.

३. देण्याआधी तीन प्रश्न विचारा: हा खर्च दुसऱ्या कुणाच्या कायदेशीर जबाबदारीत येतो का? या मदतीनंतर सहा महिन्यांनी काय बदललेले असेल? ते पाहायला कोण जाणार?

४. दहा-पंधरा घरांची एक लहान बैतुलमाल सुरू करा. खाते दोघांच्या सहीचे, समितीत निम्म्या बायका, हिशेब सर्वांसमोर, नावे गुप्त. रक्कम वाढली की वकील आणि सीएच्या सल्ल्याने ट्रस्टची नोंदणी करून घ्या.

५. मोहल्ल्यात एक कागदपत्र केंद्र चालवा. मशिदीच्या वरच्या मजल्यावर, मदरशाच्या खोलीत, कुठेही. ते सर्व धर्मांच्या लोकांसाठी खुले ठेवा.

६. फोटो काढणाऱ्याला थांबवा. तो ट्रस्टी असो की तुमचा सख्खा मामा.

या कामात मोठ्यांचा राग ओढवेल. 'कालची पोरं आम्हाला दीन शिकवणार' असे ऐकावे लागेल. अदबीने उत्तर द्या, पण मागे हटू नका. गरिबाचा जो हिस्सा आपल्या मालात आहे तो आपल्या मेहेरबानीचा नाही, त्याचा हक्क आहे, हे आपणच अभिमानाने जगाला सांगत असतो. मग ज्याचा हक्क आहे त्याच्यापर्यंत तो नीट पोहोचला का, हे विचारणे बेअदबी कशी? येत्या रमजानमध्ये दस्तरखानावर इफ्तारची वाट पाहत बसाल तेव्हा अब्बूंना एवढेच विचारा: मागच्या वर्षी ज्यांना दिली, ते आज कसे आहेत?